दसऱ्याला त्याची सातच बिलं झाली : मोबाइल दुकानाच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
मालक व व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या शाखा बऱ्याच गावांत आहेत, पण सोलापूरच्या शाखेतली ही गोष्ट वाचली की ती आपलीच आहे हे तुम्हाला कळेल. पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण यात माझ्या आईसारख्या खूप बायकांचा संबंध येतो आणि तुमच्यासारखी दुकानंही खूप आहेत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी आणि आई अर्धा किलो पेढे घेऊन तुमच्याकडे आलो होतो. खरेदी काही नव्हती. दसऱ्याला ज्या मुलाने आईला नवा फोन घेऊन दिला, त्याच्या हातात पेढे ठेवायचे होते. आई त्यासाठी ठेवणीतली साडी नेसून आली होती. काउंटरवर तो दिसला नाही. दुसऱ्या मुलाला विचारलं तर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "तो आता गोडाऊनला असतो."

मॅनेजरसाहेब चांगले बोलले. आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं म्हणून त्यांनी सरळ सांगून टाकलं. दसऱ्याच्या दिवशी बाकीच्या मुलांची पंचवीस-तीस बिलं झाली, याची सात. वरून विचारणा आली. इन्सेंटिव्ह गेला आणि काउंटरही गेलं. "एका कस्टमरला त्यानं सव्वा तास दिला मॅडम, सणाच्या दिवशी," ते म्हणाले. तो कस्टमर म्हणजे त्यांच्या समोर बसलेली माझी आई होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बाहेर पडताना काचेच्या दारावर नवा कागद चिकटवलेला दिसला. सणासुदीच्या दिवशी फोनचं सेटिंग आणि डेटा ट्रान्सफर करून मिळणार नाही, इतर दिवशी २९९ रुपये पडतील, असं त्यावर लिहिलं होतं. कुंभारीला परत जाताना रिक्षात आई एकच विचारत होती, "त्यानं काय वाईट केलं गं?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर तुम्ही द्यावं म्हणून हे पत्र.

आधी माझ्या आईबद्दल सांगते, म्हणजे सव्वा तास कशाला लागला ते समजेल.

आई विडी कामगार. बाराव्या वर्षी आजीच्या शेजारी सूप मांडीवर घेऊन बसली ती साठी उलटेपर्यंत. पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. आम्ही आधी शहरात एका खोलीत राहायचो. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगारांना घरं मिळाली, त्यातलं एक आमचं. त्या घराच्या ओट्यावर बसूनही तिनं पुढं कितीतरी वर्षं विड्या वळल्या. आता तिला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन मिळते. २०१४ पासून ही पेन्शन कमीत कमी १,००० रुपये झाली, तिची त्याच्याच आसपास आहे. कुणाला ही रक्कम फार थोडी वाटेल. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि महिन्याचा गॅस त्यातून निघतो, आणि ते पैसे तिनं कुणाकडे मागितलेले नसतात.

ही पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत मशिनवर अंगठा ठेवून तो व्हायचा. पण पन्नास वर्षं पान आणि कात्री हाताळलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. आईची दहाही बोटं मशिनवर ठेवून झाली. साबणानं हात धुवून, खोबरेल तेल लावून, ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. एका वर्षी याच कारणानं तीन महिने पेन्शन थांबली. आई रांगेत उभी होती, बोलत होती, आणि ती जिवंत असल्याचा पुरावा मशिनला मिळत नव्हता.

२०२१ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं चेहऱ्यावरून ओळख पटवून हा दाखला देण्याची सोय सुरू केली. पुढं ती भविष्य निधीच्या पेन्शनरांनाही मिळाली. त्यासाठी बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा अँड्रॉइड फोन लागतो. आईचा जुना फोन काच तडकलेला, पुढचा कॅमेरा धुरकट. म्हणून भिशीचे १८,००० रुपये उचलले आणि दसऱ्याला तुमच्या दुकानात आलो. मुहूर्तावर वस्तू घ्यायची ही आईची इच्छा होती. शिवाय मला त्याच दिवशी सुट्टी होती.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराला झेंडूचं तोरण, आत स्पीकरवर ऑफरची घोषणा, फायनान्सवाल्या मुलांच्या टेबलाभोवती घोळका. आम्ही तीन काउंटरवर गेलो. तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच होता, "बजेट किती?" मी अठरा म्हटलं की समोर अठरा ते बावीस हजारांचे फोन यायचे. एका कंपनीचा प्रमोटर आईच्या तोंडासमोर फोन धरून कॅमेऱ्याचे आकडे सांगत राहिला. आई मागं सरकत सरकत भिंतीला टेकली. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना तसंच शिकवलेलं आहे आणि त्यांची मोजणीही तशीच होते.

चौथ्या काउंटरवर हा मुलगा होता. बाविसेक वर्षांचा असेल. त्याच्या घरीही आमच्यासारखीच तेलुगू बोलत असावेत, कारण आईचं मराठी ऐकून त्यानं तिला लगेच "अम्मा" म्हटलं. बजेट त्यानं नंतर विचारलं. आधी विचारलं, "अम्मा, फोन कशाला पाहिजे तुम्हाला?" आईनं उत्तर दिलं नाही, दोन्ही हात काउंटरच्या काचेवर उताणे ठेवले. म्हणाली, "हयातीचा दाखला."

त्यानं डेमो पीस पुढं केला आणि तिचं एकेक बोट सेन्सरवर ठेवून पाहिलं. पाचव्या बोटानंतर तो थांबला. तिच्या अंगठ्याचं टोक त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं हलकेच चाचपलं आणि म्हणाला, "माझी आजीपण विड्या वळायची." बोटाचं लॉक चालणार नाही, पॅटर्न ठेवू, असं त्यानंच ठरवलं. मग आईला तो दुकानाच्या कोपऱ्यात, झगमगत्या पाटीपासून लांब घेऊन गेला आणि दोन-तीन फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्यातून तिचा चेहरा पाहून आला. परत येऊन मला म्हणाला, "ताई, अठराचा नको. हा साडेअकराचा आहे, दाखल्याला आणि बोलायला पुरेल. वरचे पैसे अम्माच्या चष्म्याला ठेवा." आईचा चष्मा एका बाजूनं दोऱ्यानं बांधलेला होता. मी रोज बघायचे, त्यानं त्या गर्दीत बघितला.

मी स्वतः गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर बसते. माल हातात घेऊन बघणारा माणूस आणि नुसता पुढं ढकलणारा माणूस यातला फरक मला कळतो.

खोक्याचं सील त्यानं आमच्यासमोर फोडलं. छापील किंमत आणि तयार झाल्याचा महिना खोक्यावर कुठं असतो ते दाखवलं. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, काढला आणि स्क्रीनवरचा, खोक्यावरचा, बिलावरचा असे तिन्ही नंबर मला मोठ्यानं वाचायला लावले. १४४२२ वर मेसेज करून फोन अस्सल आहे का ते कसं तपासायचं, तेही दाखवलं. "फोन चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर हाच नंबर टाकून ब्लॉक करायचा, बिल जपून ठेवा," म्हणाला. आजवर मी चार फोन घेतले आहेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बिल करताना कॅशिअरनं फोनसोबत ९९९ रुपयांचा प्रोटेक्शन प्लॅन धरला होता. आम्ही तो मागितलेला नव्हता. मुलगा काउंटर सोडून कॅशपर्यंत गेला, म्हणाला, "यांना प्लॅन नकोय, काढा." कॅशिअरनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला तेव्हा कळली नाही. आता कळते.

खरा वेळ लागला तो पुढं. आई अक्षरं जोडून जोडून वाचते, म्हणून तिच्या जुन्या फोनमध्ये प्रत्येक नंबराला फोटो लावलेला होता. मी, भाऊ, मावशी, दवाखाना, गॅसवाला, शेजारच्या अक्का. हे फोटो एकेक करून नव्या फोनवर आले आहेत का ते त्यानं तपासलं. दोन आले नव्हते, ते परत लावले. सहा चेहरे पहिल्याच पानावर मोठे करून ठेवले. भाषा मराठी केली, अक्षर मोठं केलं. आईची बोटं कोरडी असल्यानं स्क्रीन दाद देत नव्हती, तर सेटिंगमध्ये जाऊन टचची संवेदनशीलता वाढवली आणि तिच्याकडून पाच वेळा फोन लावून घेतला. तिनं स्वतः लावायचा, यानं हात मागं बांधून उभं राहायचं.

पॅटर्न टाकायची वेळ आली तेव्हा तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आई म्हणाली, "बघ की, बरोबर काढते का." तो वळला नाही. म्हणाला, "अम्मा, मलापण दाखवायचं नाही. कुणालाच नाही." यूपीआय सुरू करून दे म्हटलं तर ते त्यानं हातातच घेतलं नाही. "ते घरी ताईंसोबत करा. बँकेतून बोलतोय म्हणून कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवायचा, पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा." हे सांगताना मागं चार गिऱ्हाईकं "ओ भाऊ, ओ भाऊ" करत होती. प्रत्येकाला त्यानं हातानं खूण केली, "दोन मिनिटं, आलोच." आवाज चढवला नाही, आणि आईला घाईही केली नाही.

शेवटी दाखल्यासाठी लागणारी दोन्ही ॲप टाकून दिली, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी. सकाळच्या उजेडात, मागं साधी भिंत घेऊन बसायचं आणि सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडायचे, एवढं समजावलं. निघताना आईनं पिशवीतून आपट्याचं पान काढून त्याच्या हातावर ठेवलं. तेव्हा तो पहिल्यांदा क्षणभर काउंटरला टेकला. आईच्या लक्षात आलं, काउंटरमागं एकही स्टूल नव्हतं. जेवलास का विचारलं तर म्हणाला, "गर्दी ओसरली की." तेव्हा साडेचार वाजले होते.

नोव्हेंबरात आमच्या ओट्यावर आईचा दाखला झाला. दोन वेळा चेहरा जुळला नाही. तिसऱ्यांदा ती अंगणात उन्हाकडे तोंड करून बसली, डोळे मिटून उघडले, आणि झाला. बँक नाही, रांग नाही, कुणापुढं बोटं घासणं नाही. आई बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. मग म्हणाली, "त्या पोराला पेढे देऊ."

आता माझं म्हणणं.

पहिली गोष्ट मोजणीची. तुम्ही त्या दिवशी बिलं मोजली. माझ्या आईची मजुरी जन्मभर हजारावर होती आणि माझी नगावर, त्यामुळं मोजणीला आमचा विरोध असायचं कारण नाही. पण विडी कारखान्यातसुद्धा नुसते हजार मोजत नाहीत. तपासणारा मूठ उचलतो, सैल वळलेली, पान फाटलेली विडी छाट म्हणून बाजूला काढतो. चांगलं काम कोणतं हे मोजणाऱ्याला ठाऊक असतं. तुमच्या मोजणीत छाट कुठं आहे? दसऱ्याच्या त्या पंचवीस-तीस बिलांपैकी किती फोन घरी गेल्यावर नंबर गायब म्हणून परत आले? कितींवर न मागितलेला प्लॅन होता? किती जणांना गरजेपेक्षा सहा-सात हजारांनी महाग फोन गळ्यात पडला? हे मोजलं असतं तर सात बिलांचा मुलगा कितव्या नंबरावर आला असता, ते तुम्हीच बघा.

आणि धंद्याच्याच हिशोबानं बोलायचं तर आईनं गल्लीत सांगितल्यावर दसरा ते दिवाळी आमच्या वसाहतीतल्या तीन बायकांनी तुमच्याच दुकानातून फोन घेतले. "त्या पोराकडून द्या" म्हणत त्या आल्या. ती बिलं दसऱ्याच्या कागदावर कशी दिसणार?

दुसरी गोष्ट त्या प्लॅनची. ऑनलाइन दुकानांनी गिऱ्हाइकाला न विचारता त्याच्या टोपलीत वस्तू टाकू नये, असा नियम केंद्र सरकारनं २०२३ च्या नोव्हेंबरातच केला आहे. स्क्रीनवर जे चालत नाही ते काउंटरवर कसं चालतं? गर्दीत, आवाजात, म्हाताऱ्या माणसाला बिल वाचता येत नसताना ९९९ रुपये आत घालणं ही फसवणूक आहे. हा शब्द मी विचार करून वापरते. दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या अक्का तुमच्याकडून फोन घेऊन आल्या. बिल मी वाचलं तेव्हा त्यांना कळलं की त्यांनी प्लॅन घेतला आहे. त्यांचे नंबरही जुन्याच फोनमध्ये राहिले, कारण तोवर दारावर तो कागद लागला होता. त्या दोन दिवस मुलीला फोन लावू शकल्या नाहीत. मुलगी घाबरून पुण्याहून निघून आली.

तिसरी गोष्ट, तो कागद. सणाला गर्दी असते हे मला मान्य आहे. प्रत्येकाला सव्वा तास द्यावा असं कुणीच म्हणणार नाही. कॉलेजातली पोरं पाच मिनिटांत फोन घेऊन जातात, त्यांना मदत नकोच असते. ज्यांना हवी असते ते मोजके असतात, वयस्कर, कमी शिकलेले, कमी दिसणारे, पहिल्यांदाच असा फोन घेणारे. सुट्टीही त्यांच्या घरच्यांना सणालाच मिळते. म्हणजे तुमचा कागद नेमका ज्यांना गरज आहे त्यांनाच दारात अडवतो. ज्याला जमतं त्याला त्या कागदानं काही फरक पडत नाही.

चौथी गोष्ट तुमच्या पोरांची. सकाळी दहाला उघडलेलं दुकान सणाला रात्री अकरापर्यंत चालू होतं. तोवर ती पोरं उभी. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी पी. विजी यांच्या पुढाकारानं बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. २०१८ मध्ये केरळनं कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनं केली. आपल्याकडे २०१७ चा दुकाने व आस्थापनांचा कायदा झाला तेव्हा त्यात सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा वेळेला दुप्पट मजुरी लिहिलेली होती. साडेचारपर्यंत न जेवलेला मुलगा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. स्टूल ठेवायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. आई तर म्हणते, आम्ही विड्या वळायचो पण निदान बसून वळायचो.

हे पत्र लिहिण्याआधी मी त्या मुलाला भेटले. त्यानं तुमच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. गोडाऊनमध्येही काम बरं आहे म्हणाला, फक्त नाव छापू नका म्हणाला. पत्र माझं आहे, जबाबदारी माझी आहे. यामुळं त्याला काही त्रास झाला तर तेही मी असंच सगळ्यांसमोर लिहीन.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. त्याला काउंटरवर परत घ्या आणि दसऱ्याचा कापलेला इन्सेंटिव्ह द्या. तो नको म्हणेल, तरी द्या.

२. दारावरचा कागद काढा. त्याऐवजी गर्दीच्या दिवशी एक काउंटर वयस्कर आणि अपंग गिऱ्हाइकांसाठी वेगळं ठेवा. टोकन द्या, चार खुर्च्या ठेवा. त्या काउंटरवरच्या मुलाला त्या दिवशी बिलांचं टार्गेट नको. डेटा ट्रान्सफरचे पैसे घ्यायचेच असतील तर ते फोन निवडतानाच सांगा, खोकं फोडल्यावर नको.

३. प्लॅन, काच, कव्हर, जे काही फोनसोबत विकता ते तोंडी विचारून, हो म्हटल्यावरच बिलात घाला. दसऱ्यापासून ज्यांच्या बिलात हा प्लॅन न विचारता गेला असेल, त्यांनी बिल आणलं तर पैसे परत करा. अक्कांच्या ९९९ रुपयांपासून सुरुवात करा. पंधरा दिवसांत ते मिळाले नाहीत तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे. बिलाची प्रत माझ्याकडे आहे.

४. प्रत्येक काउंटरमागं एक स्टूल आणि सणाच्या दिवशी पाळीपाळीनं अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी.

५. आयएमईआय तिन्ही ठिकाणी जुळवून दाखवणं आणि ओटीपीबद्दल सावध करणं, ही दोन कामं प्रत्येक विक्रीत सक्तीची करा. घड्याळ लावून पाहिलं, तीन मिनिटं लागतात. तुमच्याच मुलानं हे करून दाखवलं आहे. बाकीच्यांना शिकवायला तोच चालेल.

गुढीपाडव्याला भावजयीसाठी फोन घ्यायचा आहे. भिशीतला माझा नंबर मार्चमध्ये लागतो. आई म्हणते तुमच्याकडेच जायचं. आम्ही सकाळी अकराच्या सुमारास येऊ आणि चौथ्या काउंटरवर जाऊ. पेढ्यांचा तो डबा तिनं मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला होता आणि सांगितलं होतं, "त्याला द्या." तो त्याला मिळाला का, एवढं तेव्हा ती विचारणार आहे.

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी
कुंभारी, सोलापूर